निळ्याच्या जागी

दारावर मोठ्या अक्षरांत: राजय्या चिलवेरी, उत्तरकाळ.
खाली बारीक: दृक्प्रत्ययवादी चित्रकार.
मी चपला कुठे काढायच्या ते शोधत होते.
काढायच्या नसतात म्हणे.

बाहेर बेचाळीस, आत एसी.
पूर्वी इथे गिरणीचं गोदाम, सुताच्या गासड्या.
पांढऱ्याचे दोन हात दिलेत भिंतींना,
तरी खळीचा वास राहिलाय.

सोळा चित्रं. सोळाही कंबर तलावाची.
पहिल्यात कमळ कमळासारखं,
पानावर पाणकोंबडी, पलीकडे रस्ता, रस्त्यावर सायकल.
पाचव्यात सायकल नाही.
नवव्यात काठच गेला.
मग नुसता रंग, रंगावर रंग,
कुणी बाणा भरत सुटलंय
आणि ताणा लावायचाच विसरलंय तसा.

कॉलेजची पोरं मागे मागे सरकत बघतात.
एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, लांबून बघ, लांबून कळतं.
मी सगळं जवळूनच बघितलेलं.
साखर पेठेत त्यांची न् आमची भिंत एक होती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला
तेव्हा त्यांनी मला कामाला ठेवलं, दिवसाला आठ आणे.
रंगाच्या नळ्यांवर चिकटपट्टी लावायची,
वर ठळक लिहायचं: पिवळा. हिरवा. निळा.
घरात तेलुगू बोलायचे,
पण रंग मराठीतच लागायचे त्यांना,
रंगखात्यात तसेच शिकले होते.

सातवीत होते मी.
ब्रश रात्रभर टर्पेंटाइनमध्ये राहिले
म्हणून एकदा सगळ्या बोळासमोर बोलले मला.
दुपारी ते झोपल्यावर
निळ्याची पट्टी सोलून मी लालवर लावली.
अंगठ्यानं दाबून, चारी कोपरे.

तेरावं चित्र.
पाणी लाल.
कमळं त्यात कोळशासारखी विझलेली,
आणि मधोमध एक उघडी जागा, नुसता कॅनव्हास,
जिथे बहुतेक त्यांना आभाळ पडलेलं दिसलं असावं.
शेजारी पाटी: येथे कलावंत वास्तवाची बंधने धाडसाने झुगारतो.
पाटी दोनदा वाचली.
मला ठसका लागला. वॉचमननं पाण्याची बाटली पुढे केली.

मग एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.
पट्टी सुटली त्या दिवशी बोळात उभे राहून म्हणाले,
अगं, सगळ्याला नीळ घातलीय कुणी!
भिंतीला, बनियनला, तुझ्या दातांना.
आणि आत गेले.
चित्रापुढे बसले ते दिवेलागणीपर्यंत बसले.
मी दाराच्या फटीला डोळा लावून.
आता हाक येणार, आता येणार.

आली. चहा सांग, म्हणाले.
बशीत ओतत, माझ्याकडे न बघता:
"शेड चुकली की मालक अख्खा घाणा परत उकळायला लावायचा.
तळ्याला कुठं मालक असतोय?"

वर रंग चढवला नाही त्यांनी.
नळीवरची पट्टीही बदलली नाही, मलाही बदलू दिली नाही.
पुढे कधी निळा दे म्हणाले की
मी थांबायचे. कुठला?
ते हात पसरून तसेच बसायचे,
मी देईन तो.

आता टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला आहे मी, बावीस वर्षं.
ट्यूबलाइटखाली धरायचं, चुकलेली शेड बाजूला फेकायची.
हाताला इतकी सवय झालीय की डोळ्याच्या आधी फेकतो.

सोळावं चित्र शेवटचं.
निळंच निळं, धुक्यासारखं, काही सुटं दिसत नाही.
खाली उजव्या कोपऱ्यात मात्र, चौकटीला लागून,
लाल. तिळाएवढा.
पाटीवर त्याचं काहीच नाही.
मी वाकले.

ओ मावशी, वॉचमन म्हणाला,
जरा लांबून बघा.

लांबून तो दिसत नाही.